पाठीमागून ओळख

८ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद. तू मागितले नाहीस तरी देते, मोठ्या बहिणीला तेवढा हक्क असतो.

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पुन्हा कागद घेतला. कागदाला 'नंतर बोलतो' म्हणून कापता येत नाही. फाडता येतं, पण तुझा स्वभाव फाडण्यातला नाही, वाचून गुपचूप ठेवून देण्यातला आहे.

मंडळात दोन नवीन माणसं येताहेत. त्यांची ओळख करून देण्याचं काम मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात मारलं. बाई होत्या तशाच आहेत. मुख्याध्यापकपद सोडून किती वर्षं झाली, पण अध्यक्षाच्या खुर्चीवर बसल्या की वाटतं, आता वह्या तपासणार. मी म्हटलं, बाई, मी जन्मभर पडदे शिवले, मला सभेत बोलता येत नाही. तर म्हणाल्या, "पडदे शिवणारीला काय झाकायचं आणि काय दाखवायचं ते बरोबर कळतं." आता यावर काय बोलायचं?

नवीन माणसांपैकी एक निवृत्त कंडक्टर आहे आणि दुसरा कुलुपं दुरुस्त करणारा. कंडक्टरची जीभ टाळ्याला लागत नाही. कुलूपवाल्याने आपल्या धंद्याला शोभेल असं तोंडालाही कुलूप घातलंय. आपली पद्धत मी दोघांना समजावून सांगितली, तेव्हा त्यांचे चेहरे तू बघायला हवे होतेस. म्हटलं, तुम्ही सभेकडे तोंड करून खुर्चीत बसायचं, आणि मी तुमच्या पाठीमागे उभी राहून तुमच्याबद्दल बोलणार. तोंडावर माणूस गोड बोलतो, म्हणून हा उपाय. नाव, गाव, धंदा काही सांगायचं नाही. याला कोणतं काम द्यावं आणि कोणतं देऊ नये, एवढंच सांगायचं. तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही. आणि एकदा सांगितलं की तीन महिने बदल नाही, कारण परीक्षा तुमची नसते, ओळख देणाऱ्याची असते.

कंडक्टर म्हणाला, "म्हणजे आमच्या पाठीमागे आमची उणीदुणी काढणार, आणि आम्ही गप्प ऐकायचं?"

मी म्हटलं, "जगात सगळे पाठीमागेच बोलतात. इथे निदान ऐकू येतं."

त्या दोघांना घेऊन सध्या मी आजाऱ्यांना द्यायच्या साहित्याच्या खोलीत असते. वॉकर पुसतो, कुबड्यांचे रबर बदलतो, कुठली व्हीलचेअर कोणाच्या घरून परत आली ते बघतो. कुलूपवाल्याचे हात मी बघितले. फार चांगले हात आहेत. खिडकीखालचं तुझं टेबल त्याला द्यावं लागणार. टेबलावर मी पडद्याचं कापड घालून ठेवलंय, खाली तुझे पाने-स्क्रूड्रायव्हर तू लावलेस तसेच आहेत. त्या बिचाऱ्याने माझं काही वाकडं केलेलं नाही, तरी मला त्याचा राग येतो.

आणखी एक. मार्चच्या वार्षिक सभेत, दोन वर्षं न आलेल्यांची नावं काढतात. नियम तुला ठाऊक आहे. तो बनवताना तूच हात वर केला होतास.

आपलं भांडण झालं असतं तर बरं होतं रे. भांडण मिटवता येतं. पण तुझी बायको गेली, पुढच्याच आठवड्यात तू तिचा मंडळातून नेलेला आजारपणाचा पलंग आपल्या हाताने सुटा केलास, टेम्पोत घालून मंडळात आणून ठेवलास, पाने पुसून जागेवर लावलेस, आणि कारखान्याकडून लांबची बदली मागून घेतलीस. मला 'येतो' एवढंच म्हणालास. तेव्हापासून मी त्या 'येतो'ची वाट बघतेय.

एक ओळ लिही. 'जिवंत आहे' एवढी लिहिलीस तरी चालेल.

तुझी ताई


२३ जानेवारी

धाकट्या,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी भर सभेत करून आले.

आपल्याकडे नवीन माणसाला निळा एप्रन घालायला देतात. कंडक्टर आणि कुलूपवाला, दोघांच्याही डोक्यावर केस औषधालाही नाहीत. अंगकाठी सारखीच. डावीकडे कुलूपवाला, उजवीकडे कंडक्टर, असं मीच त्यांना बसवलं होतं. मग घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायला गेले. तेवढ्यात कंडक्टरला खिडकीचा वारा झोंबायला लागला. त्याला सर्दी झाली होती. तो उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत आला आणि कुलूपवाला निमूटपणे उजवीकडे सरकला. मी येऊन पाठीमागे उभी राहिले. समोर दोन निळ्या पाठी आणि दोन तुळतुळीत डोकी.

डाव्या खुर्चीवर हात ठेवून मी ठणकावून बोलले, "याचे हात सोन्याचे आहेत. मोडकंतोडकं असेल ते याच्यापुढे टाका. पण याला कोणाच्या घरी पाठवू नका. हा बोलत नाही. आजाऱ्याच्या दारात हा उभा राहिला तर घरच्यांना वाटेल, वाईट बातमी घेऊन आलाय." मग उजव्या खुर्चीकडे वळले. "हा रडक्याला हसवेल. याला घरोघरी पाठवा. पण कृपा करून याच्या हातात हत्यार देऊ नका. परवा वॉकरचं रबर बसवताना याने वॉकरही वाकवला आणि स्वतःचं बोटही."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. दोघं उठले, माझ्याकडे वळले, आणि माझे डोळे पांढरे झाले. कंडक्टर माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याला भर रस्त्यात गाडीतून उतरवलं. जन्मात पहिल्यांदा त्याला शब्द सुचत नव्हता. कुलूपवाल्याला शब्द सुचला असता तरी त्याने तो वापरला नसता.

बाईंनी तिथल्या तिथे कामं वाटली. कंडक्टर दुरुस्तीच्या टेबलावर, कुलूपवाला घरभेटींना. तीन महिने.

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

चूक खरी होती, तुझी शपथ. पण नंतर मूग गिळून बसले, ती चूक नव्हती. तुझ्या टेबलावर कुलूपवाला बसला असता तर तुझी जागा कायमची गेली असती. कंडक्टर बसला तर जागा तुझीच राहते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय. तू तरी कोणाला सांगणार आहेस म्हणा!

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

कंडक्टरने दुरुस्त केलेली पहिली व्हीलचेअर सरळ जात नव्हती. ढकलली की गोल फिरून परत आपल्याच पायांशी यायची. तो म्हणाला, "ताई, हा फेरीचा मार्ग आहे." मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

कुलूपवाल्याची तऱ्हा मात्र निराळी झाली. पाय मोडलेल्या एका म्हाताऱ्या नर्सकडे तो वॉकर घेऊन गेला. नर्सबाई इतक्या कडक की आपली दोन माणसं आधी तिथून पळून आली होती. जो येतो तो 'लवकर बऱ्या व्हाल' म्हणतो, त्याचा त्यांना तिटकारा. हा गेला, वॉकर ठेवला, चहा दिला तो प्यायला आणि गप्प बसून राहिला. मग त्याच बोलायला लागल्या, त्या थांबेचनात. निघताना हा न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून कडीकडे बघत बसला, आणि दुसऱ्या दिवशी वेगळी कडी घेऊन गेला. बसवून झाल्यावर म्हणाला, "आत पडलात तर बाहेरून नाण्याने उघडेल." एवढंच त्याचं भाषण. त्या नर्सबाईंनी मोठ्या बाईंना फोन केला आणि सांगितलं, पुढच्या वेळी याच माणसाला पाठवा, बाकीची बडबडी माणसं नकोत. आता वॉकर जाईल त्या प्रत्येक घरी हा आधी कडी बघतो. इतकी वर्षं आपण लोकांच्या घरी वॉकर नेतोय, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाई मला म्हणाल्या, "माणूस बरोबर ओळखलास." मी मान खाली घालून पडद्याला घडी घालत बसले.

आता खरी बातमी. कंडक्टर सुधारतोय. परवा त्याने ब्रेक बसवला आणि तो चक्क लागला. मी विचारलं, कुठे शिकलात? तर म्हणाला, "टेबलावरच्या भिंतीवर पेन्सिलीने एक नंबर लिहिलाय, वर 'अडलं तर' असं. मला तर सकाळपासून अडलेलंच असतं. लावला फोन. कोणीतरी सुटे पार्ट विकणारा, पार्टवाला आहे. चिडका आहे, पहिल्याच दिवशी मला मूर्ख म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करून विचारतो, ब्रेक लागला का?"

मी म्हटलं, "अस्सं. आणखी काय म्हणतो?"

"म्हणतो, स्क्रूवर जबरदस्ती करू नका, स्क्रू रुसतो."

माझ्या बोटात सुई गेली. हे वाक्य मी जगात एकाच माणसाच्या तोंडून ऐकलंय. तेव्हा तो हाफपँटमध्ये होता आणि माझं शिलाई मशीन खोलून बसला होता.

हा पार्टवाला कोण, ते मी कंडक्टरला सांगितलं नाही. पार्टवाल्यालाही काही विचारणार नाही. सापडलेला पार्टवाला हरवायला मी वेडी नाही. फक्त एवढं लिहिते की, त्या नंबरवर मी दोन वर्षं फोन करत होते, आणि तो उचलला गेला अनोळखी माणसाने केल्यावर. मला राग यायला हवा होता. मला इतका आनंद झाला की दुकान अर्ध्या दुपारी बंद करून मी उगीच नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन आले.

तुझी ताई


३ मार्च

धाकट्या,

उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं. चार व्हीलचेअर सरळ चालायला लागल्या. कंडक्टर त्यांना थोपटून म्हणतो, "चला, पुढे सरका."

पण या आठवड्यात काय झालं ते तुलाही माहीत आहे. पलंगाचा फिरवायचा दांडा अडकला. डोक्याकडची बाजू वर होईना. कंडक्टरने सवयीने तुला फोन लावला, आणि पार्टवाला म्हणाला, "पलंगाचं मला विचारू नका," आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस फोन उचलला नाही. कंडक्टर माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. रडवेला झाला होता. "ताई, माझं काय चुकलं? मी त्याला उलटून बोललो नाही, काही नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. रागावलास तरी चालेल. तो माणूस विनाकारण स्वतःला दोष देत होता, आणि खरं लपवण्याचीही काही मर्यादा असते. सांगितलं की पार्टवाला माझा धाकटा भाऊ आहे. ते टेबल त्याचं आहे. त्याच्या बायकोच्या आजारात आपल्या मंडळातला पलंग त्यानेच घरी नेला, त्यानेच जोडला, रोज त्यानेच तिचं डोकं वर-खाली केलं, आणि ती गेल्यावर त्यानेच परत आणला. तेव्हापासून तो इथे नाही.

कंडक्टरने खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. शेवटी म्हणाला, "मग मी त्यांना फोन करू की नको?"

मी म्हटलं, "करा. पलंग सोडून दुसरं काहीही विचारा."

त्याने काल तुला कुबडीच्या रबराबद्दल विचारलं. कुबडीचं रबर तो आता झोपेतही बसवतो. तू त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलंस. फोन ठेवल्यावर त्याने मला अंगठा दाखवला आणि नाक शिंकरलं. म्हणाला, सर्दी अजून गेली नाही.

वार्षिक सभा वीस तारखेला आहे. 'मी येऊ शकत नाही, नाव ठेवा' एवढं लिहून पाठव. एका ओळीने नाव राहतं. तुझं नाव काढताना मला तिथे बसवणार नाही.

तुझी ताई


२१ मार्च

धाकट्या,

तुझी ओळ आली नाही. तुझं नाव काल काढलं.

मी उभी राहून भांडले. म्हटलं, हा माणूस नसता तर या खोलीतलं अर्धं साहित्य भंगारात गेलं असतं. म्हटलं, तो अजूनही काम करतोय, लांबून का होईना, विचारा कंडक्टरला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नियम वाचून दाखवला. मी तिथून तरातरा निघाले. बाई जिन्यापर्यंत माझ्या मागे आल्या, गुडघे दुखतात तरी.

म्हणाल्या, "अगं, नीट विचार कर. जुना म्हणून परत यायचं तर माणसाला आधी सांगावं लागतं, इतके दिवस कुठे होतो, का होतो. सगळे तोंडाकडे बघतात. नवीन माणसाला असलं कोणी विचारत नाही. मी त्याला घालवलं नाही, त्याच्यासाठी दार उघडं केलंय."

मला ते पटलं नाही. बाईंना बोलायला काय जातं, असं वाटलं. घरी येऊन रडले.

आज सकाळी कंडक्टर आला. त्याने तुला फोन करून सगळं सांगितलं होतं, माझं भांडणसुद्धा तिखटमीठ लावून. म्हणाला, पार्टवाल्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग विचारलं, "तुमच्याकडे नवीन माणसाला किती थांबावं लागतं?"

कंडक्टरने विचारणाऱ्याला थांबा सांगावा तसं सांगून टाकलं, "पुढची सभा. एप्रिलचा तिसरा रविवार."

धाकट्या, तेव्हा मशीनवर जो पडदा होता तो मी अख्खा उलटा शिवला. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. उसवत बसले आणि हसत बसले. गिऱ्हाइकाने येऊन विचारलं, बऱ्या आहात ना?

एक अडचण आहे. नात्यातल्या माणसाने ओळख द्यायची नाही असा नियम आहे, त्यामुळे मी बाद. दुपारी मंडळात बाईंनी विचारलं, कोण देणार? कंडक्टरचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. त्याने तुला बघितलेलंही नाही. मी म्हटलं, फोटो दाखवू? तर म्हणाला, "कशाला? पाठीमागूनच तर बोलायचंय."

ये. गाडी कोणती ते कळव, नाहीतर नको कळवूस. मी दुकान उघडं ठेवते.

तुझी ताई


एप्रिल, तिसऱ्या रविवारनंतरचा मंगळवार

धाकट्या,

तू पलीकडच्या खोलीत झोपलायस, आणि मी इथे तुला पत्र लिहितेय. वेड लागल्यासारखं दिसतंय. पण समोरासमोर बोलायला गेले तर आपण दोघं चहा पीत हवापाण्यावर बोलू, मला माहीत आहे. आणि रविवारी तू सभेकडे तोंड करून बसला होतास. तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, मला दिसलं.

कंडक्टरने भाषण पाठ केलं होतं. मला दोनदा म्हणून दाखवलं होतं, त्यात तीन विनोद होते. तुझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि त्यातला एकही शब्द त्याला आठवला नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मला वाटलं, हा आता रडणार आणि सगळं ओमफस होणार. मग त्याने तुझ्या डोक्याकडे बघितलं. केस पांढरे झालेत तुझे, मलाही धक्काच बसला होता. आणि तो बोलायला लागला. त्याचे शब्द तू ऐकलेस, पण मला लिहून ठेवायचेत.

"हा माणूस चिडका आहे. चुकलं की मूर्ख म्हणतो, पण शिकवल्याशिवाय सोडत नाही. याला टेबल द्या, मी उठतो. तीन महिने पूर्ण व्हायला दोन-चार दिवस आहेत, बाईंनी तेवढे माफ करावेत. याला पलंग देऊ नका. कधीच देऊ नका. कुठून पलंगाची मागणी आली की मला सांगा. मला अजून नीट जमत नाहीत, पण पलंग मी नेईन."

एवढं बोलून तो थांबला. आणि तू मान न वळवता नियम मोडलास. म्हणालास, "पलंग एकट्याने नेता येत नाही. एक जण डोक्याकडे लागतो, एक पायाकडे."

तुझ्या पाठीमागे कंडक्टरने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग त्याने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि तू वळायच्या आत एप्रन सरळ केला. कुलूपवाला शेवटच्या रांगेत बसला होता, तो सभेत पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "दार काढावं लागलं तर मी येतो." बाई म्हणाल्या, नवीन माणसाने ओळख संपायच्या आत बोलायचं नसतं. आणि त्यांनी पलंगांच्या कामापुढे दोन माणसं लिहिली. त्यांनी चष्मा काढून पुसला तो तुलाही दिसला असेल.

आणि आज सकाळचं. समोरच्या इमारतीतल्या छपाईवाल्याला दवाखान्यातून घरी आणलंय, त्याला पलंग हवा होता. तू काल दांडा सोडवलास, आज टेम्पो आला. मी दुकानाच्या दारात उभी होते, गिऱ्हाईक मोजमाप सांगत होतं, माझं लक्ष नव्हतं. कंडक्टर डोक्याकडे, उलटा जिना चढत होता आणि बडबडत होता. तू पायाकडे होतास, खालच्या बाजूला, सगळं वजन तुझ्यावर. बाहेरच्या जिन्याच्या वळणावर तुम्ही थांबलात, तेव्हा मला तुझा चेहरा दिसला. मला वाटलं, आता हा पलंग खाली ठेवेल आणि पुन्हा स्टेशन गाठेल. तू हात बदललास आणि वर गेलास.

मग बराच वेळ कोणी खाली आलं नाही. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, थांबा जरा, आणि रस्ता ओलांडून त्यांच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. बहिणीने असं चोरून ऐकू नये. मी ऐकलं.

आतून दांड्याचा आवाज आला, मग थांबला. त्या छपाईवाल्याची बायको विचारत होती, किती फिरवायचा, त्यांना दुखेल का. तू तिला सांगत होतास. तुझा आवाज अगदी साधा होता, कंडक्टरला ब्रेक समजावून सांगावा तसा.

"दुखणार नाही. एकदम वर घेऊ नका, दचकतात. आधी त्यांचा हात धरा, मग दांडा फिरवा. एका हाताने फिरतो. मी करून बघितलंय."

तुझी ताई